कचेरीला आपलं म्हणणं कसं कळवाल?



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. एका गावी ग्रामसभा आटोपून पारावर बसलो होतो. चहा आला आणि चहाबरोबर गाऱ्हाणीही आली. कुणाचं डीपी जळून वीस दिवस झालेले, कुणाच्या सातबाऱ्यावर विहिरीची नोंद नाही, कुणाचं बियाणं उगवलं नाही. मी विचारलं, "मंडळी, यातलं लेखी कुणी कुणी दिलंय?" पंचवीस-तीस माणसांत दोन हात वर आले. त्यातल्या एका हाताचा धनी म्हणाला, "दिलं म्हणजे, सायबांना एस्टी स्टँडवर भेटलो तेव्हा सांगितलं." दुसऱ्यानं अर्ज दिला होता, पण पोच घेतली नव्हती. म्हणजे तीस गाऱ्हाणी, आणि कचेरीच्या दप्तरात एकही नाही. त्या कचेरीच्या दृष्टीनं ते गाव सुखात नांदत होतं!

मी शेती खात्यात तीस वर्षं काढली. टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलो होतो. म्हणून आज पीक-पाण्यावर न बोलता, सरकारी खात्यापर्यंत आपलं म्हणणं कसं पोचवावं आणि त्यानं काम कसं सुधारतं, यावर बोलणार आहे. हाही शेतीचाच विषय आहे. बी, पाणी, वीज, कर्ज, सातबारा यातली कुठली गोष्ट कचेरीशिवाय होते?

आधी कचेरीतली एक गोष्ट ध्यानात घ्या. कचेरीला कान नसतात, तिला फक्त आवक रजिस्टर असतं. जे त्या रजिस्टरात चढलं ते घडलं, जे चढलं नाही ते घडलंच नाही. तोंडी सांगितलेलं साहेब ऐकतात, मान डोलावतात, पुढच्या गावाला जातात. बदली होऊन नवे साहेब आले की पाटी कोरी. मी स्वतः अशा शेकडो तोंडी तक्रारी ऐकल्या आणि त्यातल्या निम्म्या विसरलो. यात दुष्टपणा नव्हता. माझ्याकडं सात गावं होती, डोकं एकच होतं.

लेखी आलेल्या अर्जांचंही सांगतो. आमच्याकडं टपालाचे न सांगता तीन ढीग पडत. पहिल्या ढिगात असे अर्ज, 'आपल्या खात्याचा कारभार भोंगळ असून शेतकऱ्यांवर घोर अन्याय होत आहे.' वाचायला जोरदार, पण करायचं काय? गाव कोणतं, दिवस कोणता, काम कोणतं, काहीच नाही. तो 'दप्तरी दाखल' होई. दुसऱ्या ढिगात निनावी पत्रं. ती बहुधा भावकीच्या भांडणाची असत आणि त्यांना उत्तर देण्याची सोयच नसे. तिसरा ढीग लहान असायचा. त्यात गट नंबर, तारीख, पावती, आणि 'अमुक करावे' अशी एक सरळ मागणी असायची. तो कागद टाळता येत नसे, कारण वरून विचारणा झाली की आमच्यापाशी उत्तर लागे. आपला कागद त्या तिसऱ्या ढिगात जावा, एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप.

म्हणणं कळवायचं म्हणजे दर वेळी तक्रारच हवी असं नाही. आम्ही एका गावी दर मंगळवारी शेतीशाळा घेत होतो. बाप्ये यायचे, बाया येत नव्हत्या. आम्ही कचेरीत बसून निष्कर्ष काढला, या गावात बायांना रस नाही. तसा अहवालही वर पाठवून मोकळे झालो. पुढं एका म्हातारबाईनं बचत गटाच्या वहीतलं पान फाडून चार ओळी लिहून दिल्या, 'मंगळवारी तालुक्याचा बाजार असतो. आम्ही भाजी घेऊन जातो. शुक्रवार ठेवा.' शुक्रवार ठेवला आणि पहिल्याच खेपेला देवळाचा मंडप भरला. चार ओळींच्या कागदानं जे झालं ते आमच्या दोन बैठकांनी झालं नव्हतं. चूक आमची होती. पण ती आम्हाला दिसणार कशी? आम्ही बाजाराला त्या रस्त्यानं जात नव्हतो.

आता थोडं मागं जाऊ. रेडिओ ऐकणाऱ्यांना हे ठाऊक असावं असं मला वाटतं. १९५६ साली पुणे आकाशवाणीनं, युनेस्कोच्या साह्यानं, मराठी मुलखातल्या पाच जिल्ह्यांत एक प्रयोग केला. सुमारे दीडशे गावांत चर्चामंडळं उभी केली. गावात वीसएक माणसं एकत्र बसायची, आठवड्यातून दोनदा शेतीचा कार्यक्रम ऐकायची, आणि रेडिओ बंद झाला की त्यावर आपसांत बोलायची. मंडळाचा चिटणीस बोलणं लिहून काढायचा, शंका आकाशवाणीला पाठवायचा, आणि पुढच्या कार्यक्रमांत त्यांची उत्तरं यायची. कल्पना कॅनडातली होती, तिथं शेतकऱ्यांची अशी मंडळं आधीपासून चालत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनं या प्रयोगाची पाहणी केली. पाहणीत गावं तीन तऱ्हेची घेतली होती. चर्चामंडळ असलेली, नुसता रेडिओ असलेली, आणि रेडिओच नसलेली. मंडळाच्या गावांतली माणसं जेवढं शिकली, त्या मानानं नुसतं ऐकणारी गावं फार मागं राहिली. १९५९ पासून ही मंडळं देशभर काढली गेली. मला यातलं एवढंच महत्त्वाचं वाटतं, की 'आम्ही सांगतो, तुम्ही ऐका' ही तऱ्हा मोडून 'तुम्ही सांगा, आम्ही ऐकतो' ही तऱ्हा आपल्याच मुलखात सत्तर वर्षांपूर्वी चालवून पाहिलेली आहे, आणि ती चालली होती.

आता सातबाऱ्याकडं येतो. इथं जरा थांबावं लागेल, कारण इथं खरी ठेच लागते.

आपले हस्तलिखित सातबारे संगणकावर चढवले गेले. लाखो उतारे, हातानं लिहिलेले, काही फाटके, काही पुसट. चढवताना चुका होणारच. त्या चुका शोधायच्या कशा? कचेरीत बसून शोधता येत नाहीत, कारण चुकीचा आकडाही आकड्यासारखाच दिसतो. ती चूक ज्याची जमीन आहे त्यालाच कळते. म्हणून २०१७ च्या उन्हाळ्यात राज्यभर चावडी वाचनाची मोहीम घेतली गेली. तलाठी गावात बसून संगणकावरचे सातबारे मोठ्यानं वाचणार, खातेदारांनी ऐकायचं, आणि चूक असेल तिथं 'हे बरोबर नाही' म्हणून हरकत लिहून द्यायची. सरकारनं आपणहून दारात येऊन 'आमचं काय चुकलं ते सांगा' असं विचारलं होतं. असं वारंवार घडत नाही, मंडळी.

पण झालं काय? आमच्या आळीतला एक भाऊ त्या दिवशी पाहुण्याच्या लग्नाला गेला. आळीतले आणखी दहा-बाराजणही गेले नाहीत, ऊन फार होतं. वाचन झालं, सह्या झाल्या. दोन वर्षांनी तो पीककर्जाचं नवंजुनं करायला विकास सोसायटीत गेला, तर सचिव म्हणाला, "तुमच्या नावावर क्षेत्र ०.१८ दिसतंय." त्याची जमीन होती ०.८१ हेक्टर, म्हणजे दोन एकर. आकडा उलटा चढला होता. आठचा एक आणि एकचा आठ. दोन एकराचं रान कागदावर अठरा गुंठ्यांवर आलं. कर्ज त्या मानानंच मिळणार. उरलेल्या पैशांसाठी त्यानं खासगीतून कर्ज काढलं, व्याज काय दरानं ते सांगत नाही, तुम्हाला अंदाज आहे. पोरीचं कॉलेज एक वर्ष थांबलं.

हे दुरुस्त होण्यासारखं होतं, आणि झालंही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ खाली लेखनातली अशी चूक तहसीलदारांच्या आदेशानं दुरुस्त होते. पण त्यासाठी पुरावा लागतो. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्याची नक्कल तहसीलच्या अभिलेख कक्षातून काढावी लागते. क्षेत्राचा घोळ असेल तर भूमी अभिलेख कार्यालयातून आकारबंदाची नक्कल घ्यावी, म्हणजे मूळ गटाचं क्षेत्र किती हे कळतं. आमच्या त्या भावाला यात आठ महिने गेले. वाचनाच्या दिवशी हजर असता तर चावडीवरच एका कागदावर भागलं असतं. मात्र एक लक्षात ठेवा, कलम १५५ हे हात चुकून झालेल्या चुकीसाठी आहे. भावाभावांतला हिश्श्याचा वाद किंवा मालकीचा वाद त्यात सुटत नाही, त्याला अपील किंवा दिवाणी कोर्ट हाच रस्ता.

तर सांगायचं असं, की सरकार जेव्हा विचारतं तेव्हा त्या दिवशी हजर राहा. फेरफाराची नोटीस चावडीवर लागते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात. ती नोटीस म्हणजेसुद्धा विचारणाच आहे. आपण ती वाचत नाही, पंधरा दिवस सरतात, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात, आणि मग आपण वकिलाचं घर शोधतो. विजेच्या दराचंही तसंच. दर बदलायचा झाला तर वर्तमानपत्रात जाहीर सूचना येते, सूचना-हरकती मागवल्या जातात, वीज नियामक आयोग सुनावणी घेतो. त्या सुनावणीला कारखानदारांची माणसं कागद घेऊन हजर असतात. कृषिपंपवाल्यांची किती असतात? आपल्या पंपाचा भार पाच अश्वशक्तीचा आणि बिलावर साडेसात लागलेले असले, तर ते सांगायला दुसरं कुणी येणार नाही.

सांगितलं म्हणजे बदलतं का, असा तुमचा प्रश्न असणार. नेहमीच बदलतं असं म्हणून मी तुम्हाला फसवणार नाही. पण बदलल्याचा एक दाखला बहुतेकांच्या हातातला आहे, ई-पीक पाहणीचा. पूर्वी गाव नमुना बारामध्ये पिकाची नोंद तलाठी करायचे. पुष्कळ ठिकाणी रानात न जाता मागच्या सालची नोंद पुढं ओढली जायची. ऊस मोडून कांदा लावला तरी कागदावर ऊस उभाच. १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्यानं स्वतः मोबाइलवर पीक नोंदवायची पद्धत आली. आणि ओरड झाली! रानात रेंज नाही, म्हाताऱ्या माणसापाशी मोबाइल नाही, एकदा चुकलं की दुरुस्त करता येत नाही, मिश्र पीक घेतलं तर सगळी पिकं बसत नाहीत. ही ओरड नुसती पारावर राहिली नाही. ती तलाठ्यांकडून, तहसिलीतून, शेतकऱ्यांच्या अर्जांतून वर गेली. १ ऑगस्ट २०२२ ला ॲपची सुधारित आवृत्ती आली, तिच्यात यातल्या काही गोष्टींचा विचार झालेला होता. चुकलेली नोंद अठ्ठेचाळीस तासांत दुरुस्त करायची सोय आली, मिश्र पिकात मुख्य पिकाबरोबर तीन दुय्यम पिकं नोंदवता येऊ लागली, शेतकऱ्याची नोंद त्याच्या शब्दावर खरी धरायची आणि तलाठ्यानं किमान दहा टक्के तपासायची असं ठरलं. रेंजचं दुखणं मात्र पुष्कळ ठिकाणी तसंच राहिलं, हेही सांगितलं पाहिजे. सगळं मिळालं नाही, थोडं मिळालं. न सांगणाऱ्याला तेही मिळालं नसतं.

एकट्यानं सांगण्यापेक्षा गावानं मिळून सांगितलं तर वजन निराळंच पडतं. राजस्थानात पाली जिल्ह्यात कोट किराना नावाचं गाव आहे. तिथं डिसेंबर १९९४ मध्ये मजदूर किसान शक्ती संघटनेनं जनसुनावणी भरवली. केलं काय? तर सरकारी कामाची मस्टरं आणि बिलं गावकऱ्यांसमोर मोठ्यानं वाचली. मस्टर म्हणजे काय हे आपल्याला सांगायला नको, १९७२ च्या दुष्काळापासून रोजगार हमीच्या कामावर आपल्या घरोघरच्यांनी खडी फोडली आहे. नावं वाचू लागले तशी माणसं उठून सांगू लागली, 'मी त्या कामावर गेलोच नव्हतो.' कागदात दडलेलं उघड्यावर आलं. तिथून 'हिशेब दाखवा' ही मागणी वाढत गेली आणि २००५ साली माहितीचा अधिकार देशभर कायदा म्हणून आला. दहा रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पावर आज जी माहिती मागता येते, तिचं एक मूळ त्या मजुरांच्या सभेत आहे.

आपल्या राज्यातलाही दाखला आहे. २००७ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात अमरावती, नंदुरबार, पुणे, ठाणे आणि तेव्हाचा उस्मानाबाद म्हणजे आताचा धाराशिव, या जिल्ह्यांतल्या निवडक गावांत सरकारी दवाखान्यावर लोकांनीच देखरेख ठेवायचं काम सुरू झालं. पद्धत इतकी सोपी की अक्षरओळख नसलेल्या बाईलाही कळावी. गावानं एकत्र बसायचं आणि एकेक सेवा घेऊन विचारायचं. नर्सबाई ठरल्या दिवशी येतात का? औषध दवाखान्यातून मिळतं की बाहेरून आणायला सांगतात? बाळंतपणाला पैसे मागतात का? चांगलं असेल तर हिरवा रंग, बरं असेल तर पिवळा, वाईट असेल तर लाल. असं गावाचं प्रगतिपुस्तक तयार झालं. ते घेऊन जनसुनावणी, समोर डॉक्टर आणि अधिकारी. काही ठिकाणी बेकायदा घेतलेले पैसे लोकांना परत मिळाले, बाहेरची औषधं लिहून देणं थांबलं. मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे हिरवा रंग. चांगलं काम करणाऱ्या नर्सबाईला गावानं हिरवा रंग दिला, तोही वरच्या साहेबासमोर. खात्यात तीस वर्षं काढलेला माणूस म्हणून सांगतो, चांगल्या कामाचं पत्र आमच्याकडं वर्षा-दोन वर्षांतून एखादं यायचं आणि ते टेबलाच्या काचेखाली ठेवलेलं असायचं.

हेच आपल्या गावी शेतीच्या कामाबद्दल करता येईल. ग्रामसभेच्या आधी अर्धा तास बसा. चार-पाचच सेवा घ्या, वीज दुरुस्ती, पाटाचं पाणी, सातबारा-फेरफार, शेती खात्याची भेट, जनावरांचा दवाखाना. प्रत्येकाला विचारा, गेल्या हंगामात काम पडलं का, किती खेपा झाल्या, किती दिवस लागले, पावतीवाचून पैसे द्यावे लागले का. 'बरं आहे' आणि 'वाईट आहे' यावर थांबू नका, आकडा लिहा. 'डॉक्टर येत नाहीत' याला उत्तर मिळतं 'येतात'. 'जून ते सप्टेंबर दवाखान्यात बारा खेपा घातल्या, सात खेपांना कुलूप होतं, तारखा अशा' याला तसं उत्तर देता येत नाही. आणि बायांना वेगळं विचारा. महिलांची ग्रामसभा आधी घ्यावी अशी तरतूदच आहे. पाण्याचं आणि जनावरांचं जेवढं त्यांना ठाऊक असतं तेवढं आपल्याला नसतं, आणि सरपंचांपुढं बाप्यांच्या गर्दीत त्या बोलत नाहीत. मग जे निघेल त्याचा ठराव करून घ्या. ग्रामसभा वर्षातून निदान चार व्हायला हव्यात. ठराव इतिवृत्तात लिहिला गेला का, हे सही करण्याआधी वाचून पाहा.

आता अर्ज कसा लिहायचा ते एका उदाहरणानं सांगतो. सोयाबीन पेरलं आणि उगवलं नाही. पहिली गोष्ट, पिशवी, तिच्यावरचं लेबल, पावती आणि मूठभर शिल्लक बी हे जपून ठेवलेलं असलं पाहिजे. पुष्कळजण पिशवीचं खोपटाला झाकण करतात, मग पुराव्याला काय दाखवणार? दुसरी गोष्ट, लगेच अर्ज करा. तालुक्याला बियाण्याच्या तक्रारींसाठी समिती असते, ती रानात येऊन पंचनामा करते. आता इथं शेतकऱ्याची खरी कोंडी होते. समितीची वाट पाहावी तर वापसा निघून जातो, दुबार पेरावं तर पुरावा मोडतो. माझं सांगणं असं की अर्जातच लिहा, 'अमुक तारखेनंतर दुबार पेरणी न केल्यास हंगाम जाईल.' आणि पेरावंच लागलं तर रानाचा एक पट्टा तसाच राखा, शेजाऱ्यांसमक्ष फोटो काढा. अर्ज असा लिहावा:

'मा. तालुका कृषी अधिकारी यांसी. विषय: सोयाबीन बियाणे न उगवल्याबाबत. मी, (पूर्ण नाव), राहणार (गाव), गट नंबर ..., क्षेत्र ... आर, यात दिनांक ... रोजी (वाण) या सोयाबीनच्या ... पिशव्या पेरल्या. बियाणे (दुकानाचे नाव) येथून दिनांक ... रोजी खरेदी केले, पावती क्रमांक ..., लॉट क्रमांक ... पेरणीवेळी जमिनीत पुरेशी ओल होती. दिनांक ... रोजी पाहता उगवण फारच कमी आढळली. शेजारच्या गट नंबर ... मध्ये त्याच दिवशी पेरलेले दुसरे बियाणे उगवले आहे. तरी समितीने दिनांक ... पूर्वी पाहणी करून पंचनामा करावा व त्याची प्रत मला द्यावी, ही विनंती. सोबत पावती व लेबल यांच्या झेरॉक्स प्रती जोडल्या आहेत.'

बस्स, एवढंच. त्यात 'शेतकरी हा देशाचा कणा आहे' वगैरे घालू नका. कचेरीतला कारकून ते वाक्य दिवसातून दहादा वाचतो. मूळ पावती आणि मूळ लेबल कधीही हातचं सोडू नका, झेरॉक्स द्या. एका अर्जात एकच काम. विहिरीची नोंद, पाणंद रस्ता आणि बियाणं एका कागदावर लिहिलं तर तो कागद तीन टेबलांवर फिरतो आणि कुणाचाच होत नाही. दोन प्रती न्या, एकीवर तारीख, सही, शिक्का घेऊन घरी आणा. हातोहात घेत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपा. आणखी एक, आधी स्वतःची बाजू तपासा. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण पाहिली होती का? सत्तर उगवले नसतील तर ते बी पेरायचंच नव्हतं. तपासून पेरलं असेल आणि तसं लिहिलंत, तर तुमच्या अर्जाला धार येते.

पोच मिळाली, पण काम होत नाही, तर? २०१५ सालापासून महाराष्ट्रात लोकसेवा हक्क अधिनियम आहे. अधिसूचित केलेली सेवा किती दिवसांत द्यायची, कुणी द्यायची, आणि नाही दिली तर अपील कुणाकडं, याचा फलक कचेरीत लावलेला असला पाहिजे. फलक नसेल तर पहिला अर्ज त्याचाच करा! मुदत टळली किंवा अर्ज फेटाळला तर तीस दिवसांत पहिलं अपील, तिथं दाद लागली नाही तर दुसरं, आणि तिसरं राज्य सेवा हक्क आयोगाकडं. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम मोठी नाही, पण नोकरीतल्या माणसाला रकमेपेक्षा ती नोंद बोचते.

त्याशिवाय लोकशाही दिन असतो. तालुक्याला तिसऱ्या सोमवारी, जिल्ह्याला पहिल्या सोमवारी. आधी तालुका, मग जिल्हा, हा क्रम सोडू नका, नाहीतर कागद परत येतो. कोर्टात असलेली प्रकरणं तिथं घेत नाहीत. आणि आपल्या अर्जाचं झालं काय हे कळत नसेल तर माहितीच्या अधिकारात विचारा, 'माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर रोज काय कार्यवाही झाली, त्याची प्रत द्यावी.' एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अनुभव असा की पुष्कळदा माहिती यायच्या आधी काम होऊन येतं.

जाता जाता कानावर घालतो, तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, ग्रामसेवकांना ग्रामपंचायत अधिकारी, आणि आमच्या कृषी सहायकांना सहायक कृषी अधिकारी. नावं लांबली, टेबल तेच आहे. अर्जावर जुनं नाव पडलं म्हणून कुणी अर्ज नाकारला तर ऐकून घेऊ नका.

आता मनातली गोष्ट बोलतो. अर्ज न देण्याचं खरं कारण आळस नसतं, भीती असते. 'उद्या माझंच काम अडवतील.' ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. अर्जदाराचा फेरफार मुद्दाम मागं ठेवलेला मी पाहिला आहे. त्यावर उपाय निनावी पत्र हा नव्हे, ते कचऱ्यात जातं. वीसजणांनी मिळून सह्या करा, किंवा बचत गटाच्या, सोसायटीच्या, शेतकरी गटाच्या नावानं द्या. वीसजणांचे फेरफार अडवणं कुणाला झेपत नाही. आणि अर्जात माणसाला शिव्या देऊ नका, कामाबद्दल लिहा. आमच्या एका सहकाऱ्यावर गावानं तक्रार केली की तो खताचं अनुदान खातो. अनुदान वरूनच आलेलं नव्हतं. चौकशीत सुटला, पण दोन वर्षं पगारवाढ थांबली आणि त्या गावाकडं तो पुन्हा मनानं गेला नाही. गावाचंही नुकसानच झालं. आधी 'अनुदान किती आलं, कुणाला दिलं' एवढी यादी मागितली असती तर ही पाळी आली नसती.

मागच्या भाषणानंतर बरीच पत्रं आली. पुष्कळांनी विचारलं, पाणंद रस्त्यावर अतिक्रमण झालं तर कुणाकडं जावं. त्यावर वेगळं सांगू. आज ऐकलेल्यापैकी कुणी गावात असं प्रगतिपुस्तक करून पाहिलं, तर त्यातले आकडे आम्हाला कळवा. लाल रंग पडलेले कळवाच, पण हिरवेही लिहा. साधं पोस्टकार्ड चालेल. हा कार्यक्रम कोणत्या वेळी ऐकायला सोयीचा पडतो, तेही त्यातच लिहा. संध्याकाळी धारा काढायच्या वेळेला आम्ही बोलतो आणि निम्मं ऐकू येत नाही, असं एका भगिनीनं कळवलं होतं, त्याचा विचार चालू आहे. फक्त आपलं नाव, गाव, तालुका आणि पिनकोड स्पष्ट लिहा. मागच्या खेपेला सात पत्रं अशी आली की उत्तर धाडायचं कुठं तेच कळेना.